कपडे वाळवायची तार

मल्लप्पाला त्या तारेतून मिळायचं ते एवढंच होतं: रोज सकाळी सात ते सात वीस, गौसचा आवाज. खर्चाच्या बाजूला अकरा फुटांची गॅलरी, सहासष्ट फूट तार आणि एक थाप. थाप गौसलाच मारायची होती, म्हणून ती तारेपेक्षा अवघड जात होती.

दोघं हॅम. म्हणजे सरकारी परवाना काढून घरच्या रेडिओ-सेटवरून एकमेकांशी बोलणारे. मल्लप्पा सोलापुरात, गौस मंगळवेढ्यात. अठ्ठ्याऐंशी साली गौस एसटीनं अँटेनाच्या तारेचं भेंडोळं घेऊन आला, चपला काढून मल्लप्पाच्या अंगणातल्या कडुलिंबावर चढला आणि शेंड्याला तार बांधून वरूनच ओरडला, "मल्लू, ही गाठ आपल्या दोघांच्या मागंबी राहील बघ!" मल्लप्पाला मल्लू म्हणणारा तेवढा एकच. किल्लारीला भूकंप झाला तेव्हा त्या तारेवरून दोघांनी तीन दिवस लोकांचे निरोप पोचवले होते. जेवल्याची आठवण दोघांनाही नव्हती.

ते अंगण गेल्या दिवाळीत झाडासकट विकलं आणि मल्लप्पा बायकोला, सिद्धम्माला घेऊन मुलाच्या फ्लॅटमध्ये आला. हे गौसला सांगायची त्याची छाती झाली नाही. सेट बिघडलाय, असं त्यानं फोनवर सांगून टाकलं आणि कामाला लागला. आवाज बारीक झाला की गौस ओळखणार. तेव्हा आखूड जागेतून लांब तारेचा जोर काढायचा.

मधली अकरा फूट तार त्यानं गॅलरीबाहेर सरळ ताणली. उरलेली दोन्ही टोकांना प्लास्टिकच्या पाइपवर वेढे घालून गुंडाळली. सोसायटीला संशय नको म्हणून वर चार चिमटे लावले, एक जुना टॉवेल टाकला.

"अख्ख्या बिल्डिंगीत आमच्याच घरी कोरडा टॉवेल वाळत घालतात," सिद्धम्मा म्हणाली. "माझी ओली साडी तेवढी चालत नाही."

संक्रांतीच्या सकाळी त्यानं सेट लावला.

"मल्लू! आरं काय जोर हाय यार! काटा पार टोकाला टेकलाय!"

"जुनी तार हाय बाबा," मल्लप्पा म्हणाला.

"व्हय की. माझंबी महिनाभर बंदच हुतं. उंदरानं केबल खाल्ली."

गौसचाही आवाज असा खणखणीत, की मल्लप्पानं सेटचा कान पिळून तो कमी केला. सगळं श्रेय त्यानं आपल्या वेढ्यांच्या नावावर जमा करून टाकलं. कौतुक आयतं आलं की ते आलं कुठून, असं कोण विचारतो?

मग रोजचं सुरू झालं.

"लिंबावर पोपट येत्यात का अजून?"

"येतात की. नुसता कलकलाट. तुझी ज्वारी?"

"झकास. पण औंदा हुरड्याला बोलवत न्हाय बघ. पाखरांनी लई नास केलाय."

फोन ठेवल्यासारखा सेट बंद करून मल्लप्पा मान वर करी. डोळ्यांपुढे लिंब असे. समोर मात्र बी-विंगची भिंत.

फेब्रुवारीत सोसायटीच्या सेक्रेटरी दाक्षायणीबाई कागद घेऊन आल्या.

"काका, रंगकाम सुरू होतंय. गॅलरीबाहेरच्या सगळ्या तारा काढायच्या. तुमचीपण."

मल्लप्पाचा चेहरा उतरला. तार गेली की गौस गेला, इतकं ते सरळ होतं. त्यानं परवाना काढला, भूकंप काढला, सिद्धम्माला चहा टाकायला लावला.

"खरंय हो काका. पण तुमची ठेवली तर बाकीचे माझ्या डोक्यावर बसतील की."

"त्यांच्या आणि ही एक नव्हे बाई. ही कामाची. त्या कपडे वाळवायच्या."

"मग तसं लिहून द्या. तुम्ही यातले जाणकार. तुमची सही असली की कोणी तोंड उघडणार नाही."

यादीत एकोणीस फ्लॅटचे नुसते नंबर होते आणि प्रत्येकापुढं एकच नोंद: कपडे वाळवायची तार. खाली जाऊन एकदा बघून यावं, असं मल्लप्पाला वाटलं. पण बाई नुकत्याच मऊ झाल्या होत्या आणि चहा गार होत होता. त्यानं चष्मा लावून वळणदार अक्षरात लिहिलं: 'वरील तारांचा दुसरा काहीही उपयोग नाही. काढण्यास हरकत नसावी.' खाली पूर्ण नाव, आणि रुबाब म्हणून परवान्याचा नंबरही टाकला.

मंगळवारी रंगारी आले. संध्याकाळपर्यंत संकुलात एकच तार उरली.

बुधवारी सात वाजता मल्लप्पा सेटपुढं बसला. "गौस, मल्लू बोलतोय." नुसती खरखर. गुरुवारीही तेच. फोन लावला तर वाजून वाजून बंद झाला.

"ज्वारीची काढणी असेल," सिद्धम्मा म्हणाली.

शुक्रवारी दाक्षायणीबाई जिन्यातच भेटल्या.

"काका, तुमच्या सहीनं काम झालं बघा. अठरा जणांनी मुकाट काढून दिल्या. सी-विंगचे एक म्हातारे तेवढे अडून बसले. हाशम नाही का, एसटीतला? त्याचे वडील. मंगळवेढ्याचं घर, शेत सगळं विकून डिसेंबरात पोराकडं आलेत. तार मुठीत धरून बसले. म्हणे, ही कपड्यांची नव्हं. शेवटी तुमचा कागद पुढं केला."

मल्लप्पानं कठडा धरला. "मग?"

"किती वेळ सहीकडंच बघत बसले. मग आपल्या हातानं तार सोडून दिली. म्हणाले, 'मल्लूनं लिवलंय न्हवं? मग कायबी उपयोग नसंल.'"