उपवासाचं बटण

“उपवास असेल त्या दिवशी पट्टीवरचं पांढरं बटण दाबायचं, बायांनो. नाहीतर तिला वाटेल मालक उपाशी ठेवतोय, आणि निरीक्षक दारात येतील.”

परदेशी निघताना शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलेलं हे द्वारका मनोभावे पाळत आली होती. परक्या देशात घरकाम करणाऱ्या प्रत्येकीच्या मनगटावर कायद्यानं तशी पट्टी असे. भूक, मार, जागरण, सगळं तिला रक्तातून कळे.

बाल्कनीत कपडे वाळत घालताना द्वारकाला शेजारच्या घरी कामाला असलेली कौसल्या दिसली. हातांच्या नुसत्या काड्या झालेल्या, आणि पट्टीवर पांढरा दिवा.

“आज कसला गं उपवास?”

“मॅडमना विचार. रोज सकाळी त्याच माझं बटण दाबतात.” कौसल्या हसली. “देव म्हणत असेल, केवढी ही भक्तीण!”

“निरीक्षकांना फोन कर ना.”

“केला. म्हणाले, पट्टी तर व्रत दाखवतेय. ताई, मी आता फार दिवस नाही टिकायची.”

“मी आणते त्यांना इथवर, मग तुझे हात त्यांच्याच डोळ्यांनी बघू देत,” द्वारका म्हणाली. “शब्द दिला तुला.”

घरात तिच्या म्हाताऱ्या मालकिणीनं तिचं ताट वाढून ठेवलं होतं. बाई भली होती. निरीक्षक आले की दंड तिलाच होणार, आणि द्वारकाची परत पाठवणी ठरलेली.

द्वारकानं मनातल्या मनात आधी देवाची, मग बाईची माफी मागितली. ताट झाकलं आणि बटणाला हात न लावता भांडी घासायला घेतली.