रुचिरचं जावळ

नेदरलँड्समधल्या नीउ-व्हेनेपमध्ये थंडीचा कडाका पडला होता, आणि नेमका सकाळपासून घर गरम ठेवणारा बॉयलर बंद. दोन स्वेटर घालूनही तान्ह्या रुचिरचे हात गारच लागत होते. चारुताचा जीव टांगणीला लागला होता. शेवटी त्याला खालच्या खोलीत, कॉटमध्ये निजवून ती माळ्यावर आली.

मेकॅनिक बॉयलरखालचा पाइप खोलून बसला होता. "पाणी जायची वाट तुंबलीय," तो इंग्रजीत म्हणाला. "केस आहेत."

"जावळ!" तिचा नवरा आशुतोष हसला. "तरी म्हणत होतो, कालव्यात सोडू. तर बाईसाहेबांनी सोडलं बॉयलरशेजारच्या या बेसिनमध्ये!"

"वाहतं पाणी ते वाहतं पाणी," चारुता ओशाळून म्हणाली. "कुणाचा पाय पडू नये म्हणून."

मेकॅनिक केस ओढू लागला. मऊ, काळेभोर. वीतभर आले, हातभर आले, तरी संपेनात. रुचिरचं जावळ तर बोटभरच होतं.

"कुठेतरी अडकलेत," म्हणत त्याने हिसका दिला.

खाली रुचिर किंचाळला.

"स्टॉप!" चारुता ओरडली. मेकॅनिकने घाबरून मूठ सोडली.

केस सरसर पाइपात परत जाऊ लागले, आणि खाली रुचिरची कॉट लाकडी जमिनीवरून सरकू लागल्याचा आवाज आला.