परवानगी

महायुद्धाआधीची गोष्ट. आमच्या झालेश्ये गावात आग लागली की गावकरीच बिनपगारी धावत. पण अग्निशमन दलात बायकांना मज्जाव होता. "पंप मारणं म्हणजे कणीक मळणं नव्हे," असं दलाचे प्रमुख कायेतान यांनी बेकरीवाल्या गेनोवेफाला चारचौघांत सुनावलं होतं.

त्या रविवारी शेजारच्या गावी दलांची स्पर्धा होती. सगळे पुरुष नवा पंप घेऊन गेले आणि पहिला नंबर पटकावून वाजतगाजत परतले. पाहतात तो दलाच्या ठाण्याच्या दारात गेनोवेफा आणि सात-आठ बायका उभ्या. अंगं चिंब, तोंडं काजळीनं काळी. दलाचा जुना हातपंप पुसत होत्या.

"आग लागली होती?" कायेतान यांनी विचारलं.

"लागली होती. विझवली."

"पंपाला हात लावायची परवानगी कुणी दिली?"

"ती मागायला तुमच्याच घरी जायचं होतं, साहेब, पण पेटलं होतं तेच. तुमच्या आई माझ्या बेकरीत दूध पीत बसल्यात. खरचटलंसुद्धा नाही त्यांना."

कायेतान बेकरीकडे धावत सुटले. कोपऱ्यावरून मागे वळून ओरडले, "मंगळवारी कवायत आहे! सगळ्या जणी वेळेवर या!"