खाटेजवळून चालू होणारी गाडी

"वायर मीच जोडलीय काका, मला शिकवू नका," असं म्हणून जीवन व्हॅनच्या स्टिअरिंगखाली आडवा झाला.

नारू बाहेर उभा राहून शिव्या घालतच होता. सकाळी गाडी चालू करायचा रिमोट दाबला तर ती नुसती टिकटिक करून गप्प बसली. त्याचा मुलगा, हितेश, रोज पहाटे याच व्हॅनमधून तलासरीला मासळी घेऊन जायचा. आज गाडीचा आवाज आला नाही म्हणून नारूची बायको, शांतीकाकी, आत घाबरून खाटेवरून उठायला गेली. एक अंग आधीच लुळं. पडली ती थेट कपाळावर.

"उद्या परत असं झालं तर ती जगायची नाही," नारू म्हणाला. "मग तुझी खैर नाही."

जीवनचंही डोकं फिरलं होतं. डहाणूत एवढे वायरमन असताना या माणसाने त्याला झरीहून बोलावलं होतं. मे महिन्याच्या उन्हात, मोटरसायकलवर, आता तिसऱ्यांदा. आणि ज्याच्यासाठी हा खटाटोप, त्या हितेशने एकदाही तोंड दाखवलं नव्हतं. रिमोटचं किट बसवलं त्या दिवशीही नाही.

"चावी फिरवली तर राजाचा हात झिजतो काय?" त्याने खालूनच विचारलं. "का बसायच्या आधी एसी गार पाहिजे?"

 किट बसवतानाच नारूची एकच अट होती, रिमोट आतल्या खोलीतून, खाटेजवळून चालला पाहिजे. त्यासाठी जीवनने अँटेना व्हॅनच्या घराकडच्या काचेवर चिकटवली होती.

खोलीची खिडकी उंचावर होती. खाटेवरून अंगण दिसत नसे, पण आवाज येई.

"जीवन, आलास का रे बाबा?" आतून शांतीकाकीने विचारलं. "हितेश आहे का तिथे? त्याला सांग, त्या पोरीशी लग्नाला मी रागाच्या भरात नकार दिला. किती दिवस अबोला धरायचा? पहाटे जातो, मी गोळी घेऊन झोपले की येतो. आईचं तोंड बघत नाही."

"आहे इथेच, ऐकतोय," नारूने मोठ्याने सांगितलं.

अंगणात तिसरं कोणी नव्हतं. जीवनने बाहेर डोकं काढून पाहिलं, मग परत स्टिअरिंगखाली गेला. लाडावलेल्या पोराला पाठीशी घालणारे बाप त्याने खूप पाहिले होते.

त्याने रिमोट दाबला. पार्किंगचे दिवे लुकलुकले, रिले वाजला. म्हणजे अँटेना ठीक. हँडब्रेकची वायर तपासली, ब्रेकची तपासली, अर्थिंगची वायर घासून घट्ट केली. मग टेस्ट लॅम्प स्टार्टरच्या वायरला लावून पुन्हा दाबलं. दिवा पेटला आणि लगेच मलूल झाला. बॅटरी बसली होती. मागच्या खेपेला त्यानेच नवी टाकलेली.

करंट कुठे गळत असेल म्हणून त्याने एकेक फ्यूज काढून पाहिला. कुठेच गळती नव्हती. घाम डोळ्यांत उतरत होता. व्हॅनमध्ये मासळीचा वास नव्हता, उदबत्तीचा होता. डॅशबोर्डवर राख सांडलेली. सिगारेटचा वास मारायला उदबत्ती लावतो लेकाचा, जीवन मनाशी म्हणाला.

उठता उठता त्याची नजर किलोमीटरच्या आकड्यांवर गेली. पाचही जागी चार. मागच्या वेळी हे बघून तो हसला होता, म्हणून लक्षात राहिलं होतं. आजही पाचही जागी चारच.

त्याने सोबत आणलेली बॅटरी केबलने जोडली आणि रिमोट नारूच्या हातात दिला. नारू घरात गेला. इंजिन एका दमात चालू झालं.

"निघाला का?" आतून काकीचा आवाज आला. रडवेला, पण हलका झालेला.

"निघाला. धूर येतोय, खिडकी लावतो," नारू म्हणाला.

खिडकी बंद झाली. मग इंजिन बंद झालं. व्हॅन जागच्या जागी होती.

नारू बाहेर आला तेव्हा जीवन दारात आडवा उभा होता.

"रोज एवढीच चालते ना गाडी? मग बॅटरी चार्ज कशी होणार? माझी वायर चांगली, बॅटरी चांगली, चार्जिंग चांगलं. वाईट आहे तो तुमचा पोरगा. कामाला जात नाही, कुठेतरी लोळत पडतो, आणि तुम्ही त्या आजारी बाईला फसवता. आत जाऊन सांगू का तिला?"

नारूचा हात वर गेला. जीवन हलला नाही. मग हात खाली आला.

"हळू बोल," नारू म्हणाला. "तुझी बॅटरी बसव आणि जा."

जीवनने पान्याने दणादण नट फिरवले. जुनी बॅटरी काढली, नवी घट्ट केली. ड्रायव्हरच्या सीटवर टॉवेलात गुंडाळलेलं चपटं काहीतरी नेहमी असायचं. जीवन कामाला बसण्याआधी नारू दरवेळी ते दोन्ही हातांनी उचलून मागच्या सीटवर ठेवी. जाता जाता जीवनने ते एका हाताने खेचलं आणि रागारागाने पुढच्या सीटवर टाकलं.

टॉवेल घसरला. काचेमागे एक तरुण पोरगा याच व्हॅनला टेकून हसत होता. फ्रेमला चंदनाचा हार होता, आणि काचेवर, कपाळाच्या जागी, आज सकाळी लावलेलं गंध अजून पुरतं वाळलं नव्हतं.