दोघांची आई

जिल्हा परिषदेच्या निवडणुकीत दोघे सख्खे भाऊ एकमेकांविरुद्ध उभे होते. मतमोजणीच्या दिवशी त्यांच्या आईचा जीव सकाळपासून थाऱ्यावर नव्हता. ती टीव्ही लावायची, बंद करायची, खिडकीशी जायची, परत यायची. भाजी करपली तेही तिला कळलं नाही.

शेजारीण म्हणाली, "तुमचं बरंय. कोणीही जिंकलं तरी हार तुमच्याच दारात!"

आईने पुन्हा टीव्ही लावला.

दुपारी निकाल लागला. निवडून आली तिसरीच उमेदवार, कोपऱ्यावरची औषधवाली. प्रचारात एकमेकांची लक्तरं वेशीवर टांगणारे दोघे भाऊ एकाच स्कूटरवरून, मान खाली घालून घरी आले आणि कित्येक महिन्यांनी एका टेबलाशी जेवायला बसले.

धाकट्याने विचारलं, "आई, आता तरी सांग. मत कोणाला दिलंस?"

"औषधवालीला."

थोरल्याचा घास हातातच राहिला. "अगं, पोटची पोरं उभी होती ना!"

"म्हणूनच," आई वाढता वाढता म्हणाली. "अख्ख्या गल्लीलाही तेच सांगितलं. तुमच्यातला एक जरी निवडून आला असता, तर आज मला एकच ताट वाढावं लागलं असतं."