आत कोण थांबणार?

लेकीच्या पोटाचा एक्स-रे काढायचं ठरलं आणि तिची तयारी करून घ्यायचा मक्ता माझ्या नणंदबाईंनी घेतला. मी तिची आई, पण मला मेलीला काय कळतंय! नणंदबाई स्वतः येईल त्या स्थळाला नाक मुरडतात, पण मुलं कशी वाढवायची हे मात्र त्यांना तोंडपाठ. पोरीला जेवणाच्या टेबलावर आडवं करून त्यांनी सराव सुरू केला. "हलायचं नाही. सांगितलं की श्वास रोखायचा. घाबरू नकोस पिल्लू, अजिबात दुखत नाही. पोटात काय आहे ते सगळ्यांना कळतं, एवढंच."

एक्स-रेच्या खोलीत पोरीनं हट्टच धरला, जवळ आत्याच हवी. नणंदबाईंनी माझ्याकडे असं काही बघितलं की विचारू नका, आणि शिशाचा जड एप्रन अंगावर चढवला.

"आत थांबणारं कुणी गरोदर नाही ना?" टेक्निशियननं सवयीनं विचारलं.

दारातून सासूबाई कडाडल्या, "काहीतरीच काय विचारता! लग्न व्हायचंय अजून तिचं!"

नणंदबाईंनी एप्रन काढला आणि माझ्या हातात दिला. सासूबाईंनी दाराची चौकट धरली.

टेबलावर शहाण्यासारखी आडवी पडलेली लेक आत्याचा चेहरा बघून म्हणाली,



"घाबरू नकोस आत्या, अजिबात दुखत नाही. पोटात काय आहे ते सगळ्यांना कळतं, एवढंच."