निळी बाटली

गोटीसोड्याच्या एका जुन्या निळ्या बाटलीवरून दोघा भावांचं बोलणं बंद झालं होतं. भंगारवाल्याकडे दोघांनी ती एकदमच पाहिली, पण हात आधी थोरल्याचा पडला. आता थोरला गेला होता. त्याने जमवलेल्या जुन्या बाटल्यांचं कपाट रिकामं करायचं म्हणून वहिनीने धाकट्याला बोलावलं. अस्सल कुठल्या आणि नकली कुठल्या, याची पारख दुसऱ्या कुणाला नव्हती.

तो एकेक बाटली उजेडात धरून बाजूला ठेवत गेला. निळी त्याने सगळ्यात शेवटी उचलली, मानेवरून अंगठा फिरवला आणि थांबला. जुन्या बाटलीचं तोंड हाताने घडवलेलं असतं, त्यामुळे साच्याची रेघ मानेपाशीच संपते. हिची रेघ थेट काठापर्यंत गेली होती.

"वहिनी, ही नकली आहे."

"माहीत होतं त्यांना. घरी आणली त्याच आठवड्यात कळलं."

"मग दादा मला बोलला का नाही?"

वहिनीने बाटली त्याच्या हातातून घेतली आणि पदराने पुसली.

"त्याला ती अस्सल वाटतेय तोवर कधीतरी भांडायला तरी येईल, म्हणायचे."